हरवलेल्यानं हलायचं नाही

१७ डिसेंबर, बुधवार.

संध्याकाळी शाळेची प्रथमोपचार पेटी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर उपडी केली. परवा आमच्या शाळेची आठवीची सहल नांदेडला जाते आहे. निम्म्या गोळ्यांची मुदत संपलेली, मलमाची नळी वाळून कडक, कात्री गायब. शाळेतली कात्री कुठलीही असो, ती शेवटी कार्यानुभवाच्या कपाटात सापडते. उलटीच्या गोळ्या नव्या आणल्या आहेत, साखर-मिठाची पाकिटं आहेत, लिंबं उद्या बाजारातून. कागदी पिशव्या करायच्या म्हणून जुनी वर्तमानपत्रं घेऊन बसले आहे. मुख्याध्यापिकेनं हे काम करायचं नसतं असं आमचे क्लार्क म्हणतात. पण ते काम त्यांनाही करायचं नसतं, म्हणून मी करते.

सगळ्या पालकांची संमती आली आहे, एक सोडून. वैष्णवी नावाची मुलगी आहे, चाकूरजवळच्या एका वस्तीवरून येते. वर्गात फारशी बोलत नाही. धरणाचा धडा चालू असताना मात्र तिनं हात वर करून विचारलं होतं, "मॅडम, नदी एवढी मोठी असती, तर पलीकडच्या माणसाला हाका ऐकू येतात का?" तिनं भरलेली नदी पाहिलेलीच नाही. आमच्या लातूर जिल्ह्यात हे नवल नाही. इथल्या मुलांना टँकरचे नंबर पाठ असतात. नांदेडला गोदावरी आहे, धरण आहे, म्हणून यंदाची सहल तिकडे. पुढच्या वर्षी नववी, मग दहावी, मग कदाचित लग्न. वैष्णवी परवा गेली नाही तर तिला नदी कधी दिसेल, मला माहीत नाही.

दुपारी तिचे वडील शाळेत आले होते. शेतातून तसेच उठून आलेले, पायाला माती. म्हणाले, "मॅडम, पोरगी मागं लागलीया. पाठवतो. पण हमी द्या."

"कशाची?"

"हरवणार न्हाई, ह्याची. ती लई भोळी हाय. कुणी चल म्हणलं की चालती."

शेजारी उभे असलेले आमचे एक तरुण सर लगेच म्हणाले, "काही होत नाही हो काका, बिनधास्त पाठवा!"

"तुम्हाला न्हाई इचारलं," वैष्णवीचे वडील म्हणाले आणि माझ्याकडं बघत राहिले. मला हमी देता आली नाही. ते टोपी नीट करत म्हणाले, "बघा. मॅडम बी गप्प हायत." आणि निघून गेले.

मी गप्प बसले, कारण मला आमचे गणिताचे सर आठवले.

हे सर मला पहिल्या नोकरीत भेटले, उदगीरला. मी नवी, ते मुरलेले. गणित ते बरं शिकवायचे, फार चांगलं नाही. एकदा उदाहरण सोडवायला लागले की फळा संपायचा आणि ते भिंतीवर लिहायला लागायचे. बारा महिने बिनबाह्यांचा स्वेटर घालायचे. उन्हाळ्यात विचारलं तर म्हणायचे, "थंडीत घातल्यावर सगळ्यांना सवय झाली. आता काढला तर लोक इचारतील, काय झालं म्हणून." जेवताना आवाज करायचे. कुणी काही केलं तर धन्यवाद म्हणायचे नाहीत, आणि त्यांनी काही केलं तर आपण म्हणायच्या आत तिथून गेलेले असायचे. शाळेत त्यांच्याकडं एकच काम पक्कं होतं, ते म्हणजे सहल. ते त्यांच्याकडून काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती आणि तसं खरं सांगायचं तर कुणाची इच्छाही नव्हती.

मी रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत ते माझ्या वर्गाच्या दारात आले. तास चालू होता. दारातूनच विचारलं, "बाई, पोहता येतं का तुम्हाला?"

"नाही."

"लागलीच रडू येतं का?"

"नाही."

"मंग चला सहलीला."

माझी निवड अशी झाली. मुलींबरोबर एक बाई लागते, आधीच्या बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या. पोहता न येण्याचा काय संबंध, असं मी नंतर विचारलं. ते म्हणाले, "पोहता येणारी माणसं पोरांना पाण्याजवळ जाऊ देतात."

त्यांची सहल म्हणजे काय ते समजायला मला एक वर्ष लागलं. इतर शाळा किल्ला, लेणी, देऊळ, धबधबा करायच्या. सर सहावीच्या वर्गाला उदगीरच्याच मोंढ्यात घेऊन जायचे. गावातल्या गावात, पायी. तूर कशी येते, हमाल पोतं पाठीवर कसं घेतो, सौदा रुमालाखाली बोटं धरून कसा करायचे, हे सगळं दाखवायचे. पालक वैतागायचे. एक आडत्या तर त्यांना भर मोंढ्यात म्हणाला, "मास्तर, माझ्या पोराला माझंच दुकान दाखवायला तुम्ही कशाला? मी रोज मारून आणतो त्याला इथं."

सर म्हणाले, "तुम्ही मारून आणता म्हणून त्यानं बघितलं न्हाई अजून."

लातूरच्या डाळमिलमधून आम्ही मुलं परत आणली तेव्हा ती डोक्यापासून पायापर्यंत पिवळी होती. एका आईनं हळद लागली का म्हणून विचारलं. बिलोलीच्या बाजूला तेलंगणाच्या हद्दीवर त्यांनी सगळ्या मुलांना एक पाय इकडं आणि एक पाय तिकडं ठेवून उभं केलं आणि विचारलं, "कुठला पाय मराठी बोलतो?" मुलं पाय बघायला लागली. तिथं शेळ्या चारणारी एक म्हातारी होती. ती एका दमात अर्धं तेलुगू, अर्धं मराठी बोलून आम्हाला हसली. सर खूश. म्हणाले, झाली सहल, चला जेवू.

सहलीच्या दिवशी ते मुलांना विद्यार्थी म्हणायचे नाहीत. "आज तुम्ही पाव्हणे. पाव्हण्यानं काय करायचं? इचारायचं. काय करायचं न्हाई? नावं ठिवायची न्हाईत." त्यांच्या दोन्ही खिशांत भाजलेल्या शेंगा असायच्या. जो प्रश्न विचारेल त्याला एक शेंग. उत्तराला काही नाही. उत्तर देणाऱ्यानं तोंड वर करून वाट बघितली तर म्हणायचे, "तुला आधीच म्हाईत होतं. मग शेंग कशाला?" साहजिकच मुलं वाटेल ते विचारायची. एकदा बसच्या खिडकीतून एकानं विचारलं, "सर, ती म्हैस तिथंच का उभी हाय?" सरांनी बराच विचार केला आणि त्याला दोन शेंगा दिल्या.

वाटाड्याशी त्यांचं वागणं ठरलेलं. वाटाड्या पाठ केलेलं सुरू करायचा आणि सर त्याला मधेच थांबवायचे. "हे राहू द्या. तुम्हाला इथलं काय कळलं न्हाई ते सांगा." बहुतेक जण रागवायचे. एका देवळातल्या म्हाताऱ्या पुजाऱ्यानं मात्र मांडी घातली आणि आपल्याला लहानपणापासून न कळलेल्या गोष्टी सांगायला लागला. मागच्या भिंतीवरच्या त्या बाईच्या हातात नेमकं काय आहे, पाणी कुठून झिरपतं, एकाच खांबावर मुंग्या का चढत नाहीत. मुलं हलली नाहीत. बसवाला हॉर्न देऊन थकला.

आणि बसमध्ये उलटीचा विषय. ते सुरुवातीलाच जाहीर विचारायचे, "वकणारे कोण कोण? पुढं या. मान तुमचा." पुढच्या सीटा त्यांच्यासाठी राखीव, खिडकी त्यांची, ड्रायव्हरशी बोलायचा हक्क त्यांचा. त्यामुळे आयुष्यात कधी न ओकलेली मुलंही आम्ही ओकतो म्हणून भांडायची. खरोखर ओकणाऱ्याला शरम वाटायची ती गेली. पुढं ओकणं आपोआप कमी झालं, असंही मी बघितलं. का ते मला माहीत नाही, सरांनाही नव्हतं.

त्यांची सगळ्यात मोठी तऱ्हा वेगळीच होती. सहलीच्या आधी ते एकटे एस.टी.नं त्या जागी जाऊन यायचे. स्वखर्चानं, रविवारी. तिथलं पाणी प्यायचे, तिथला संडास बघायचे, आणि सोमवारी शिक्षकांच्या खोलीत अहवाल द्यायचे. इतिहास, भूगोल काही नाही. "पाणी बरं हाय. सावली एका बाजूला. पोरींच्या संडासाला आतून कडी न्हाई." मग सहलीच्या दिवशी त्यांच्या पिशवीत कडी-कोयंडा, स्क्रू आणि पेचकस असायचा. बस थांबली की आधी ते जाऊन कडी बसवायचे आणि मग मला म्हणायचे, "बाई, न्या पोरींना." त्या जागेच्या रखवालदारानं काही विचारलं तर सांगायचे, "ऱ्हाऊ द्या. पुढच्या शाळेलाबी व्हईल." मुली सहलीत सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि संध्याकाळी डोकं धरून बसतात, हे मला बाई असून तेव्हा लक्षात आलेलं नव्हतं. सर सहज म्हणायचे, "अर्ध्या मराठवाड्यातल्या मुताऱ्यांना माझ्या कड्या हायेत." त्यात बढाई नव्हती, माहिती होती.

आता हजेरीचं. वैष्णवीच्या वडिलांचा प्रश्न तिथेच येऊन अडतो.

सर यादी वाचून हजेरी घ्यायचे नाहीत. म्हणायचे, "यादी वाचली की पोरगं सोतापुरतं हजर म्हणतं आणि मोकळं होतं. दुसऱ्याचं त्याला काय?" त्यांनी जोड्या लावल्या होत्या. बस सुटण्याआधी दारात उभं राहून ते ओरडायचे, "जोडीदार हाय का?" आणि प्रत्येकानं शेजारचा बघून "हाय!" म्हणायचं. जोड्या दोस्तांच्या नाहीत, भांडणाऱ्यांच्या. मी म्हटलं, हे उलटं नाही का? ते म्हणाले, "दोस्त दोस्ताकडं बघत न्हाई बाई, गप्पा हाणतो. दुश्मनाचं ध्यान मात्र सारखं दुश्मनाकडं. कुठं गेला, काय खाल्लं, सगळं म्हाईत." हे खरं निघालं. वर्षानुवर्षं एकही मूल मागं राहिलं नाही.

याशिवाय दोन नियम होते आणि ते मुलांना पाढ्यासारखे पाठ होते. एक, जोडीदाराचा हात सोडायचा नाही. दोन, हरवलेल्यानं हलायचं नाही. "तुम्ही हरवलात की तुम्ही झाड. झाड चालत जातं का? शोधणारा हलंल. दोघंबी हलले तर भेट व्हायची न्हाई."

एका वर्षी कंधारचा किल्ला होता. रुबीना आणि सुवर्णा या दोघींची जोडी सरांनी मुद्दाम लावली होती. रुबीनाचे वडील उदगीरच्या बाजारात शिलाईचं दुकान चालवायचे. सुवर्णा जवळच्या खेड्यातली, बऱ्यापैकी शेती असलेल्या घरातली. दोघी एकाच बाकावर बसायच्या आणि बाकाच्या मधोमध खडूची रेघ होती. रेघ ओलांडली की पट्टी. रुबीना वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची आणि सुवर्णाला तिचा एकही प्रश्न पटायचा नाही.

रुबीनाला पाठवा म्हणून सर तिच्या वडिलांकडे गेले होते तेव्हा मी बरोबर होते. सरांनी आग्रह केलाच नाही. दुकानात बसून चहा घेतला आणि विचारलं, "चाचा, तुम्ही कंधार बघितलाय का?" चाचा म्हणाले, "हौ, शादी के पैले गया था. बडा तालाब है उधर." आणि मग ते तळ्याबद्दल इतका वेळ बोलले की शेवटी त्यांनीच मुलीला हाक मारली आणि म्हणाले, जा, देखके आ, पानी है क्या अबी.

किल्ला बघून झाला. मुलं बसमध्ये चढली. सर दारात उभे राहून ओरडले, "जोडीदार हाय का?" सगळ्या बसनं एका आवाजात "हाय!" म्हटलं. बस निघाली.

वाटेत जांबला चहासाठी थांबलो. सर शेंगा घेऊन मधल्या वाटेनं फिरायला लागले. मुलं विचारत होती, शेंगा मिळवत होती. मागे जाऊन सर थांबले. म्हणाले, "रुबीना कुठं बसलीया? आज एकबी प्रश्न न्हाई तिचा." ती जिथं बसायची ती सीट रिकामी होती. दोघींचीही.

सरांनी आवाज चढवला नाही. उतरून ड्रायव्हरमामांना काहीतरी सांगितलं, मामांनी अर्धा चहा ओतून दिला आणि बस उलट फिरवली. गाणी थांबली. मुलं एकमेकांना घट्ट धरून बसली होती. सर प्रवासात कधीच बसायचे नाहीत, त्या दिवशीही दारात दांडी धरून उभे होते. मामा म्हणाले, "मास्तर, बसा की. तुमच्या उभं ऱ्हाण्यानं गाडी जोरात पळत न्हाई."

सर मला म्हणाले, "बाई, गणित चुकलं."

"कसलं गणित?"

"जोडीतला एक हरवला तर दुसरा वरडतो. आख्खी जोडीच हरवली तर वरडंल कोण?"

मी म्हटलं, "सर, आत्ता गणित सुचतंय तुम्हाला?"

"आत्ताच करू द्या. न्हाई तर दुसरं काहीतरी सुचंल."

किल्ल्याभोवती पाण्याचा खंदक आहे.

किल्ल्यात शिरल्यावर फार शोधावं लागलं नाही. एका कमानीखाली त्या दोघी उभ्या होत्या. एकमेकींचा हात धरलेला, तोंडं मात्र विरुद्ध दिशेला. शेजारी टोपली घेऊन बोरं विकणारी एक बाई बसली होती. ती आम्हाला बघून म्हणाली, "ह्या तुमच्या का? मघाधरनं भांडून राहिल्या, पर हात काही सोडंनात. मला वाटलं कुणी बांधून ठिवल्यात."

झालं होतं ते असं. भुईकोट किल्ला, आत भिंतीच भिंती, सगळं सारखं दिसतं. दोघी मागं पडल्या. सुवर्णा म्हणाली डावीकडं, रुबीना म्हणाली उजवीकडं. हात सोडायचा नाही हा नियम. त्यामुळे एक डावीकडं ओढणार, दुसरी उजवीकडं, आणि दोघी जागच्या जागी. मग त्यांच्या लक्षात आलं की आता आपण हरवलो, म्हणजे आता तर हलायचंच नाही. दोन्ही नियम त्यांनी अक्षरशः पाळले होते. त्यातला एक जरी मोडला असता तर एक तरी मुलगी वेळेवर बसमध्ये आली असती आणि ओरडली असती.

"सर, मी म्हणत हुते डावीकडं!" सुवर्णा ओरडली.

"झूट! सर, ही मला खंदकाकडं नेऊन राहिली होती!"

सर कमानीच्या पायरीवर बसले. सहलीत मी त्यांना बसलेलं तेवढंच बघितलं. मग टोपलीतली सगळी बोरं विकत घेतली आणि दोघींना म्हणाले, "आता सोडा हात." त्यांनी सोडला नाही. विसरल्या होत्या बहुतेक.

परत येताना मी म्हटलं, "सर, मुली सुखरूप आहेत. घरी कसं आणि कधी सांगायचं ते शाळेत बसून ठरवू."

"तोवर पोरीच सांगतील. मग मी काय सांगणार?" ते म्हणाले. "चांगलं कुणीबी सांगू द्या. वाईट तेवढं आपण सांगायचं, आणि आधी."

बस उदगीरच्या बाजारात थांबवली. मुली अजून बसमध्येच होत्या. सर दुकानाच्या पायरीवर उभे राहिले आणि म्हणाले, "चाचा, तुमच्या पोरीला मी आज कंधारला इसरून आलो हुतो. जांबवरनं परत जाऊन आणली. धक्काबी लागलेला न्हाई. पर इसरलो हुतो."

चाचांच्या गळ्यात मापाची फीत होती. तिचं एक टोक धरून ते उभेच राहिले. "मास्टरसाब, तुम कैकू बता रहे? मेरेकू कौन बताता था?"

"तुमची पोरगी. म्हणून तिच्याआधी सांगून राहिलो."

चाचांनी मुलीला खाली बोलावलं. वरपासून खालपर्यंत बघितलं. "तू रोई क्या?"

"नै अब्बा. वो रोई."

बसच्या खिडकीतून सुवर्णा ओरडली, "चाचा, खोटं हाय! हीच रडली!"

चाचा हसले नाहीत. फीत गळ्यातून काढली, गुंडाळली, परत उलगडली. मग सरांना विचारलं, "अगले साल किधर ले जा रहे?"

मी मनात म्हटलं, चला, निभावलं. पण निभावलं नव्हतं. सुवर्णाचे वडील शाळेच्या फाटकापाशी मोटारसायकल घेऊन उभे होते. सरांनी तेच वाक्य, तसंच, त्यांनाही सांगितलं. ते भडकले. सगळ्या पालकांसमोर म्हणाले, "शेरडं सुदिक सांजच्याला मोजून आणत्यात, मास्तर! तुम्हाला पोरी मोजता येईनात, आन् गणित शिकवता?"

"बरोबर हाय," सर म्हणाले.

"खंदकात पडली असती म्हंजे?"

"बरोबर हाय तुमचं."

जितका वेळ ते बोलले तितका वेळ सर उभे राहिले. मुली रस्ता चुकल्या, मुलींनी ऐकलं नाही, असं काहीही ते म्हणू शकले असते. म्हणाले नाहीत. सुवर्णा त्यानंतर कधीही सहलीला आली नाही. सर तिच्या वडिलांना बाजारात भेटले की रामराम करायचे, ते मान वळवायचे, पुढच्या वेळी सर परत रामराम करायचे. रुबीना मात्र पुढच्या प्रत्येक सहलीतून सुवर्णासाठी एक दगड आणायची, आणि हा काही तिथला दगड नाही म्हणून दोघींचं भांडण व्हायचं.

शाळेत गहजब झाला तो वेगळा. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी सहल नको म्हणून सांगितलं. सरांनी मान्य केलं. मग एक दिवस चाचाच ऑफिसात येऊन मुख्याध्यापकांना विचारू लागले, की यंदा कुठं जाणार, कळलं तर मुलीसाठी तशी चप्पल घेता येईल. सहल निघाली.

सरांनी जोड्या मोडल्या आणि माळ लावली. प्रत्येकानं आपल्या पुढच्याकडं लक्ष ठेवायचं. पहिल्याच्या मागं दुसरा, दुसऱ्याच्या मागं तिसरा, आणि पहिला पोरगा शेवटच्याकडं बघणार. आता "पुढचा हाय का?" असा पुकारा. कितीही जण एकदम हरवले तरी त्यांच्या मागचा कुणीतरी ओरडणारच. मी म्हटलं, "आणि सगळेच एकदम हरवले तर?" ते म्हणाले, "मग अडचण कसली? सहल तिकडंच."

सर आता नाहीत. निवृत्तीनंतर लातूरला मुलाकडं राहिले आणि म्हातारपणानं गेले. त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. मी पुढं चाकूरला आले, मुख्याध्यापिका झाले. माळ मी अजून लावते. ती चांगली आहे. पण माळ म्हणजे हमी नाही, एवढं मला कळतं.

कागदी पिशव्या झाल्या. पेटी भरून ठेवली. आता प्रश्न उरला तो वैष्णवीच्या वडिलांचा. काही होत नाही, बिनधास्त पाठवा, असं सांगितलं तर ते पाठवणार नाहीत, ते आजच दिसलं. खरं सांगितलं तर ते चाचा निघतील की सुवर्णाचे वडील, ते सांगता येत नाही. सुवर्णाचे वडील निघाले तर मुलगी घरी राहील आणि ती माझ्यामुळं राहील. पण त्यांनी मला विचारलं आहे. मला, दुसऱ्या कुणाला नाही.

१८ डिसेंबर, गुरुवार.

सकाळी शाळेच्या आधी त्यांच्या शेतावर गेले. हरभऱ्यात तुषार सिंचनाचे पाइप हलवायचं काम चाललं होतं. एकटेच होते. मला बघून थांबले. "बसा म्हणायला इथं काही न्हाई, मॅडम."

"बसायला नाही आले. तुम्ही काल हमी मागितली. ती माझ्याकडं नाही. एकदा आमच्या दोन मुली हरवल्या होत्या, तेव्हा मी त्या बसमध्ये होते."

त्यांनी वाकून पाइपचं एक टोक उचललं. दुसरं टोक चिखलात लोळत होतं. ते मी उचललं, कारण एका माणसाचं ते काम नव्हे. पाइप घेऊन आम्ही ओळीनं चालायला लागलो, ते पुढं, मी मागं, आणि मी त्यांच्या पाठीला सगळं सांगितलं. कंधार, जांब, कमान, दोघींचे वडील. सुवर्णाच्या वडिलांनी परत पाठवलं नाही, तेही सांगितलं. माळ कशी असते ते सांगितलं. आणि हेही सांगितलं, की माळ आम्ही मुली हरवल्यावर शिकलो.

पाइप खाली ठेवला. ते जोड बसवत होते. मान वर न करता म्हणाले, "पाण्यात उतरू देता का?"

"नाही. मला पोहता येत नाही."

"मला बी न्हाई." त्यांनी जोड घट्ट केला, हातानं हलवून बघितला. मग उभे राहिले. "बस किती वाजता?"

"सहाला. फाटकापाशी."

"अंधार असंल. मी आणून सोडतो. आणि सांजच्याला मीच येतो न्यायला. कुणासंगं लावून देऊ नका."

"नाही देणार."

"आजून एक पाइप हाय," ते म्हणाले.

तोही आम्ही हलवला. मग ते मोटार चालू करायला गेले आणि मी पातळ वर धरून, तुषार फिरायच्या आत, बांधाकडं पळाले.